जहाजाचा सिनेमा घरच्यांसोबत बघताय? पहिल्या वीस मिनिटांची तयारी आधी करा

‘मास्टर अँड कमांडर’ हा जुन्या लढाऊ जहाजांवरचा इंग्रजी सिनेमा लावला आणि अर्ध्या तासात निम्मं घर उठून गेलं, ही तक्रार मी ओळखीच्या इतक्या घरांतून ऐकली आहे की शेवटी सगळं एकदाच लिहून काढते. सगळीकडे एकच गोष्ट घडते. सिनेमा पहाटेच्या धुक्यात सुरू होतो, माणसं कुजबुजत बोलतात आणि अचानक तोफा धडाडतात. आजी विचारतात, “हे कोण, ते कोण?” कुणीतरी सांगायला लागतं, तेवढ्यात पुढचे चार संवाद निसटतात आणि मग काही धागा लागत नाही.

आपण सोलापूरकर. समुद्र बघायचा तर घाट उतरून कोकणात जावं लागतं. शीड, सुकाणू हे शब्द आपल्याला पुस्तकातून माहीत, डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. म्हणून या सिनेमाला बसण्याआधी तयारी लागते, आणि ती बहुतेक सगळी पहिल्या वीस मिनिटांसाठी असते. ती वीस मिनिटं नीट गेली की पुढचे दोन तास सिनेमा स्वतः ओढून नेतो. खालचा क्रम मोडू नका. बिघडतं ते बहुधा क्रम मोडल्यामुळेच.

टप्पा १ : कोण बसणार ते आधी ठरवा (दोन-तीन दिवस आधी)

हा सिनेमा अमेरिकेत ‘पीजी-१३’ आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी विचार करावा असा. आपल्याकडे २०२४ च्या नियमांपासून प्रमाणपत्रावर यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे वयाचे गट येतात. कुठलाही सिनेमा लावण्याआधी ती खूण बघायची सवय लावून घ्या. मात्र खुणेवर सगळं सोडू नका. घरातल्या एका मोठ्या माणसाने हा सिनेमा आधी एकट्याने बघितलेला असलाच पाहिजे.

जड जाणारे प्रसंग असे आहेत : डेकवर सगळ्यांसमोर होणारी कवटीची शस्त्रक्रिया, एका लहान मुलाचा हात कापावा लागतो तो प्रसंग, खलाशाला फटके मारण्याची शिक्षा, डॉक्टर स्वतःवरच शस्त्रक्रिया करतो ते दृश्य, आणि शेवटची हातघाईची लढाई. यातलं रक्त फार वेळ दाखवलेलं नाही, पण ऐकू खूप येतं. मुलं दृश्यापेक्षा आवाजाला जास्त घाबरतात, हे मी घरी पाहिलं आहे.

आणखी एक प्रसंग वेगळा सांगते. एक अधिकारी जहाजावरून उडी घेऊन जीव देतो. तुमच्या घरात, नात्यात अशी जखम ताजी असेल तर हा सिनेमा सध्या बाजूला ठेवा. दुसरा कुठला तरी बघा.

माझं मत विचाराल तर दहा वर्षांखालच्यांना बसवू नये. दहा ते तेराच्या मुलांना मोठ्या माणसाच्या शेजारी बसवावं आणि हात कापण्याचा प्रसंग येणार हे आधीच सांगून ठेवावं. सांगून ठेवलेलं मूल कमी घाबरतं.

वडीलधाऱ्यांसमोर संकोच वाटेल असं मात्र यात जवळजवळ काही नाही. प्रेमप्रकरण नाही, गाणी आहेत ती खलाशांची. सासरे-सुना एकत्र बसू शकतात.

टप्पा २ : सिनेमा हातात ठेवा

सर्वांत जास्त फसगत होते ती इथे. एचडी सिनेमा नेटवरून बघताना तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो. हा सिनेमा २ तास १८ मिनिटांचा, म्हणजे सात जीबीच्या आसपास. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही लावणाऱ्यांचं रोजचं दीड-दोन जीबी केव्हाच संपतं. आमच्या घरी पहिल्यांदा हेच झालं. जहाज वादळात सापडलं आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. दुसऱ्या मोबाइलवरून जोडेपर्यंत पुतण्या अंगणात आणि सासूबाई स्वयंपाकघरात.

म्हणून :

१. आदल्या दिवशी सिनेमा डाउनलोड करा, नाहीतर घरात ब्रॉडबँड असेल त्याच्या घरी जमा. डाउनलोड मोबाइलवर झालं असेल तर ते टीव्हीवर दिसतं का, हेही आदल्या दिवशीच जोडून बघा. काही अॅप डाउनलोड केलेला सिनेमा टीव्हीवर जाऊ देत नाहीत.

२. कुठल्या भाषेतला आवाज मिळतोय आणि सबटायटल कुठल्या भाषेत आहेत ते उघडून बघा. ‘असेलच’ असं धरून चालू नका.

३. इन्व्हर्टर असेल तर टीव्हीचा आणि राउटरचा, दोन्ही प्लग त्याच्या लाइनवर आहेत का ते मेन स्विच पाडून तपासा. बऱ्याच घरांत टीव्ही इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर नसतो.

*इथे थांबून तपासा :* सिनेमा सुरू करून मधलं कुठलंही मिनिट चालवा. चित्र, आवाज, सबटायटल तिन्ही आलं का? आलं तरच घरच्यांना वार सांगा.

टप्पा ३ : वार आणि वेळ

आधी पाण्याची पाळी बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या संध्याकाळी येणार त्या संध्याकाळी घरातलं कुणीही निवांत बसत नाही. पाळीच्या आदल्या दिवशीही नको, कारण तेव्हा भांडी-टाक्या धुवायच्या असतात. पाणी भरून झालेला दुसरा दिवस सर्वांत चांगला.

उन्हाळ्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो आणि पश्चिमेच्या खिडकीतून तो नेमका टीव्हीच्या काचेवर येतो. हा सिनेमा अंधाराचा आहे : धुकं, रात्र, जहाजाच्या पोटातला कंदील. उजेडात निम्मं दिसत नाही. म्हणून आठच्या आधी लावू नका. साडेसातपर्यंत जेवणं उरका, पावणेआठला ओळख, आठला सिनेमा. मधली पंधरा मिनिटं धरून पावणेअकराच्या आत संपतो. शनिवार धरा.

टप्पा ४ : खोली, चित्र, आवाज (अर्धा तास आधी)

*खोली.* इथे सोलापुरी चादरीचा उपयोग होतो, आणि हे मी अगदी अनुभवाने सांगते. जाड जेकार्ड चादर खिडकीवर चिमट्यांनी लावली की रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड थांबतो. दुसरी चादर किंवा सतरंजी जमिनीवर पसरा. आपल्या खोल्यांत शहाबादी किंवा टाइल, भिंती मोकळ्या, त्यामुळे आवाज घुमतो आणि बोललेले शब्द एकमेकांत मिसळतात. टाळी वाजवून बघा : चादर पसरण्याआधीची आणि नंतरची टाळी वेगळी ऐकू येते.

*कूलर.* मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही हे खरं आहे. पण कूलरच्या घरघरीत कुजबुज ऐकू येत नाही, आणि या सिनेमाची सुरुवात कुजबुजीचीच आहे. संध्याकाळी सहापासून कूलर चालवून खोली गार करून घ्या, सिनेमा सुरू होताना तो बंद करून पंखा लावा. पहिली वीस मिनिटं गेल्यावर कूलर परत मंद लावला तरी चालतो.

*चित्र.* टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड निवडा. दुकानातून आल्यापासून बहुतेक टीव्ही ‘व्हिव्हिड’वर असतात, त्यात धुकं निळं आणि चेहरे लाल दिसतात. हालचाल गुळगुळीत करणारा ‘मोशन’चा पर्याय बंद करा, नाहीतर जहाज मालिकेच्या सेटसारखं दिसतं. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतील. तो बिघाड नाही, सिनेमाच तेवढा रुंद आहे. झूम करून पट्ट्या घालवल्या तर दोन्ही कडांची माणसं आणि कधी कधी सबटायटलही कापले जातात. त्रेचाळीस इंची टीव्ही असेल तर पाच-सहा फुटांवर बसा, आपण बहुतेक फार लांब बसतो.

*आवाज.* या सिनेमाला ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं आहे, छायाचित्रणासाठीही. पण सिनेमागृहात बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं आणि तोफा चारही बाजूंनी. घरच्या टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरमध्ये हे सगळं कोंबलं जातं आणि बोलणं दबतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘स्टीरिओ’ निवडा. ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘नाइट मोड’ असा पर्याय असेल तर तो चालू करा, त्याने मोठा आवाज खाली येतो आणि छोटा वर. ब्लूटूथ स्पीकर लावणार असाल तर ओठ आणि शब्द जुळतात का ते बघा. पुष्कळदा शब्द मागे पडतात.

*इथे थांबून तपासा :* पहिल्या दृश्यातली कुजबुज लावा आणि सर्वांत मागे जिथे आजी बसणार तिथे बसून ऐका. ऐकू आलं की लगेच पहिली तोफ येईपर्यंत पुढे जाऊन बघा. कुणी दचकून उठेल इतकी मोठी असेल तर नाइट मोडशिवाय गत्यंतर नाही. तोफेच्या भीतीने आवाज कमी करून ठेवणं ही सर्वांत मोठी चूक, कारण मग दोन तास कुणाला काही ऐकू येत नाही.

टप्पा ५ : बारा मिनिटांची ओळख

लोक हाच टप्पा गाळतात आणि मग सिनेमाभर बोलत राहतात. आधी बारा मिनिटं बोला म्हणजे नंतर गप्प बसता येतं. चार गोष्टी सांगायच्या, याच क्रमाने.

*पहिली : नकाशा.* मुलांच्या शाळेचा अॅटलास उघडा. दक्षिण अमेरिकेवर बोट ठेवा. सिनेमा ब्राझीलच्या उत्तर किनाऱ्याजवळ सुरू होतो. तिथून जहाज खाली खाली जातं, टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालतं आणि पलीकडून वर गॅलापागोस बेटांपर्यंत येतं. मुलाच्याच बोटाने हा रस्ता फिरवून घ्या. हुशार मूल विचारेल, एवढा वळसा कशाला, मधून पनामा कालवा आहे की! तो १९१४ ला सुरू झाला, आणि सिनेमातलं साल १८०५ आहे. आजोबांना साल लक्षात राहावं म्हणून सांगा, इकडे यशवंतराव होळकर इंग्रजांशी झुंजत होते तेच हे साल.

*दुसरी : कोण कुणाच्या मागे.* युरोपात नेपोलियनचं फ्रान्स आणि इंग्लंड यांचं युद्ध. ‘सरप्राइझ’ हे इंग्रजांचं जहाज, २८ तोफांचं, त्यावर १९७ माणसं. ‘अॅशेरॉन’ हे फ्रेंच जहाज, मोठं, वेगवान, ४४ तोफांचं. ते सरकारचा परवाना घेऊन शत्रूची जहाजं लुटणारं खासगी जहाज आहे. लहानाने मोठ्याचा पाठलाग करायचा आहे. एवढंच सांगा. पुढे काय होतं ते सांगू नका.

*तिसरी : वारा आणि तोफा.* ही गोष्ट शब्दांनी कळत नाही, ताटलीत दाखवावी लागते. स्टीलची ताटली घ्या आणि दोन भुईमुगाच्या शेंगा, एक मोठी, एक छोटी. शेंगेचं टोक म्हणजे जहाजाचं नाक. तोफा नाकाला नसतात म्हटलं तरी चालेल, खऱ्या तोफा दोन्ही कुशींना ओळीने असतात. म्हणून समोरच्यावर मारा करायचा तर आधी जहाज आडवं वळवावं लागतं. आता छोटी शेंग मोठीच्या पाठीमागे आडवी आणा. मोठीला मागे मारायला जवळपास काही नाही, आणि छोटीच्या सगळ्या तोफा तिच्याकडे. शिवाय मागून घुसलेला गोळा जहाजाच्या लांबीभर आतली माणसं मारत जातो. आमच्या नणंदेची मुलगी हे बघून लगेच म्हणाली, “म्हणजे पाठ दाखवायची नाही.” एवढं कळलं की सगळ्या लढाया कळल्या.

मग ताटलीवरून एका बाजूने फुंकर मारा. हा वारा. ज्याच्या पाठीशी वारा तो हवं तेव्हा शत्रूवर चाल करू शकतो, दुसऱ्याला वाट बघावी लागते. कप्तान सारखा वर शिडांकडे का बघतो, याचं उत्तर इथे आहे.

चार शब्द याच वेळी सांगून टाका : डोलकाठी म्हणजे शीड धरणारा उंच खांब, शीड म्हणजे वारा पकडणारं कापड, सुकाणू म्हणजे मागचं वळवायचं फळकूट, नांगर सगळ्यांना माहीत आहे. सुकाणू तुटलं की जहाज वळत नाही, हे ठासून सांगा, कारण पहिल्याच लढाईत त्याची गरज लागते. तेव्हा होड्या उतरवून वल्हवत जहाज ओढून नेतात. यात नवं काही नाही, आंग्र्यांच्या आरमारातही वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराब नावाच्या मोठ्या लढाऊ जहाजांना ओढायची. आणि मोडलेली डोलकाठी दोरांसकट पाण्यात पडली तर ती नांगरासारखी जहाजाला खेचते, तिचे दोर तोडले नाहीत तर जहाज उलटतं. पुढे वादळातल्या एका प्रसंगात सगळेजण विचारतात, “दोर का तोडला?” ते आधी माहीत असलं की त्या क्षणी कुणी बोलत नाही. तो क्षण न बोलता बघण्याचाच आहे.

*चौथी : माणसं.* कप्तान जॅक ऑब्री. त्याचा मित्र, जहाजाचा डॉक्टर स्टीफन मॅच्युरिन, ज्याला प्राण्यापक्ष्यांचं वेड आहे. आणि ब्लेकनी नावाचा लहान मुलगा. बारा-तेरा वर्षांची मुलं तेव्हा अधिकारी व्हायला म्हणून जहाजावर शिकायला असायची, त्यामुळे “हा पोरगा इथे काय करतोय?” हा प्रश्न आधीच मिटवा. निळे कोट अधिकाऱ्यांचे, लाल कोट जहाजावरच्या शिपायांचे. बाकीची नावं लक्षात ठेवायची गरज नाही.

एक शब्द आजीआजोबांसाठी ठेवा. खलाशी एका अधिकाऱ्याला ‘जोना’ म्हणायला लागतात. म्हणजे आपल्याकडे ज्याला पांढऱ्या पायाचा म्हणतात तो. बायबलमधल्या एका गोष्टीवरून आलेला शब्द आहे, पण ‘पांढऱ्या पायाचा’ म्हटलं की सासूबाईंना पुढचं काही समजवावं लागलं नाही. उलट त्यांनाच त्याची सर्वांत जास्त कणव आली.

*सावध :* बाराची पंचवीस मिनिटं होऊ देऊ नका. नेल्सन, ट्रॅफल्गर, नेपोलियन सगळं सांगत बसलात तर मुलं ताटलीतल्या शेंगा खाऊन उठतील.

टप्पा ६ : सिनेमा चालू असताना

इंग्रजी येणाऱ्यांसाठीही इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. खलाशांचे उच्चार आणि हुकूम कानाने पकडणं अवघड आहे.

ज्यांना वाचता येणार नाही त्यांच्या शेजारी एकच सांगणारा बसेल. बाकी कुणी सांगायचं नाही. आमच्या शेजारच्या काकू घरी तेलुगू बोलतात, मराठी उत्तम, इंग्रजी नाही. त्या आणि सासूबाई मिळून माझ्या दोन बाजूंना बसल्या होत्या. सांगायचं ते एका वाक्यात, कानाशी, आणि संवाद संपल्यावर. प्रत्येक संवादाचं भाषांतर करू नका, कुणाला ते नको असतं. ‘कप्तान डॉक्टरचं ऐकत नाहीये’ एवढं पुरतं.

एक जागा मात्र समजवावीच लागते. जेवणाच्या टेबलावर कप्तान बिस्किटातल्या दोन किड्यांवरून विनोद करतो आणि सगळे हसतात, आपल्या घरात कुणी हसत नाही. त्या किड्याला इंग्रजीत ‘विव्हिल’ म्हणतात आणि वाईटाला ‘ईव्हिल’, त्यावरची कोटी आहे. बिस्किटात किडे कसे, असं कुणी म्हटलं तर आपली कडक भाकरी आठवून द्या. टिकावं म्हणून कोरडं कडक केलेलं अन्न, फक्त ते महिनोन्‌महिने पोत्यात पडलेलं.

खाण्याचं : पहिली वीस मिनिटं काही नको. चिवडा, कुरमुरे, कागदी पाकिटं यांचा आवाज कुजबुजीवर मात करतो. नंतर द्यायचं तर लाडू, केळी असं न वाजणारं द्या.

रात्रीच्या अंधारात दिव्यांची एक युक्ती केली जाते. तिथे टीव्ही नुसता काळा दिसत असेल तर थांबवा, ब्राइटनेस थोडा वाढवा, थोडं मागे जाऊन परत लावा. ती युक्ती दिसली नाही तर पुढचा आनंद कळत नाही.

टप्पा ७ : मध्यंतर

या सिनेमाला मध्यंतर नाही आणि आपल्याला त्याची सवय आहे, म्हणून ते आपणच घ्यायचं. कुणी ‘थांबवा’ म्हटलं की थांबवणं चुकीचं. जहाज गॅलापागोसला पहिल्यांदा पोहोचतं ती जागा धरा. साधारण मध्यावर येते, वादळ संपलेलं असतं, आणि उजेड, इग्वाना, कासवं बघून मुलांचा जीव हलका झालेला असतो.

चहा करा, पाणी प्या, अॅटलासवर परत बोट फिरवा. डार्विन या बेटांवर १८३५ ला गेला, म्हणजे सिनेमातल्या डॉक्टरनंतर तीस वर्षांनी. शाळेत डार्विन शिकलेल्या मुलाला हे सांगाच, तो डॉक्टरकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका, आणि या वेळात कुणाच्याही हातात मोबाइल देऊ नका.

टप्पा ८ : शेवट

लढाई संपते, मेलेल्यांना समुद्रात निरोप दिला जातो, आणि इथे हमखास कुणीतरी उठून ट्यूब लावतं. लावू नका. सिनेमा संपलेला नाही. त्यानंतर कप्तान आणि डॉक्टर यांच्यात एक बोलणं आहे, आणि त्यात सगळा शेवट फिरतो. ट्यूबच्या बटणाजवळ बसणाऱ्याला हे आधी बजावून ठेवा.

संपल्यावर लगेच ‘काय शिकलात’ विचारू नका. मुलांचे प्रश्न येऊ द्या. आमच्याकडे दोन आले.

“ते जहाज खरं आहे का?” हो, बरंचसं. ‘रोझ’ नावाच्या अठराव्या शतकातल्या युद्धनौकेची प्रतिकृती कॅनडात १९७० ला बांधली होती, तीच सिनेमात वापरली. आता ती अमेरिकेत सॅन दिएगोच्या सागरी संग्रहालयात आहे.

“आणि अगदी खरं, तेव्हाचं?” तेही आहे. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ‘ट्रिंकोमाली’ नावाची लढाऊ नौका अजून पाण्यावर आहे. ती १८१७ मध्ये बांधली मुंबईत, जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, आपल्याकडच्या सागवानात. हे ऐकल्यावर पुतण्याने ताटलीतली मोठी शेंग उचलली, तिच्या कुशीला पेनाने तोफांची भोकं काढली आणि झोपताना उशाशी घेऊन गेला.